कॅम्परच्या पॅनलसाठी कुठला फोम घ्यावा? एक्सपीएस, पीव्हीसी, पीयू की साधा थर्माकोल

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पिकअपच्या चासीवर बसेल असा साधारण साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि 1.9 मीटर उंच बॉक्स तुम्हाला घरीच करायचाय. मध्ये 40 मिमी फोम, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिमी फायबर (यालाच स्किन म्हणतात) आणि सगळं हातकाम. एक्सपीएसच्या (बंद सेलच्या, एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन फोमच्या) शीट तुम्हाला सहज मिळतायत, पण कोणीतरी ठामपणे सांगितलंय की पीव्हीसी फोम नसेल तर पॅनल दोन वर्षांत सुटतील. छतावर चढता यायला हवं, वर सोलर पॅनल बसवायचेत, आणि बाहेरचा रंग गडद राखाडी हवाय. या सगळ्यात तुम्ही विचारलंय एवढंच की कुठला फोम सगळ्यात मजबूत.

मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. मी बरीच वर्षं सँडविच पॅनलची कामं करतोय, नवीनही आणि दुरुस्तीचीही, आणि दुरुस्तीला जी पॅनल येतात त्यात फोम मधोमध तुटलाय असं फार क्वचित दिसतं. दिसतं ते हे, की स्किन फोमपासून सुटलीय, बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येतो, आणि आत बघितलं तर फोम बऱ्याचदा धडधाकट असतो. म्हणजे फोम निवडताना पहिला विचार हा करायचा की माझ्या पद्धतीने, माझ्या रेझिनने किंवा ग्लूने, ही स्किन या फोमवर नीट चिकटेल का, आणि उन्हात तापून, रस्त्यावर हादरे खाऊन चिकटलेली राहील का. ताकदीचा नंबर त्यानंतर.

ताकद का नंतर, ते तुमच्याच मापांवर बघू. समजा 80 किलोचा माणूस छताच्या मधोमध उभा राहिला, दोन मीटरचा गाळा (टेकूंमधलं अंतर), आणि त्याचं वजन पॅनलची अर्धा मीटर रुंदीची पट्टी घेतेय असं धरलं, तर फोमवर शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर) येतो साधारण 0.2 किलो प्रति चौरस सेंमी. बऱ्यापैकी एक्सपीएस 2 किलोच्या आसपास सहन करतो, 80 डेन्सिटीचा (घनमीटरला 80 किलो) पीव्हीसी साडेअकरा किलोपर्यंत. म्हणजे एक्सपीएसमध्येही दहापट मार्जिन आहे. आता वाक किती येतो ते बघा, लोक इथेच गोंधळतात. हाताने घातलेल्या मॅटच्या (न विणलेल्या, तुकड्यांच्या धाग्यांच्या कापडाच्या) फायबरचा ताठपणा साधारण 8 गिगापास्कल धरून हीच पट्टी दोन टोकांवर टेकवली तर ती मध्ये अंदाजे 29 मिमी वाकेल, त्यातले 26 मिमी स्किन ताणल्या-दाबल्या गेल्यामुळे आणि फक्त 3 मिमी फोम शिअरमध्ये सरकल्यामुळे. तुम्ही एक्सपीएस काढून महाग पीव्हीसी घातला तर त्या 3 मिमीचा एक मिमीपेक्षाही कमी होईल, बस. उलट फोम तोच ठेवून 40 ऐवजी 30 मिमी घेतला तर 26 चे 45 मिमी होतात, कारण दोन स्किनमधल्या अंतराचा वर्ग लागतो. (प्रत्यक्षात छत चारही बाजूंनी भिंतींना जोडलेलं असतं म्हणून वाक यापेक्षा बराच कमी येतो, पण प्रमाण हेच राहतं.) तेव्हा पॅनल ताठ हवं असेल तर आधी जाडी वाढवा, मग स्किन सुधारा, म्हणजे नुसत्या मॅटऐवजी विणलेलं किंवा स्टिच केलेलं कापड वापरा. फोमचा नंबर शेवटी.

वजनाचंही तेच. तुमच्या बॉक्सचं भिंती, छत, फ्लोअर धरून क्षेत्रफळ होतं जवळपास 35 चौरस मीटर. 40 मिमी जाडीत 35 किलो डेन्सिटीचा एक्सपीएस एकूण 49 किलो भरतो, 80 डेन्सिटीचा पीव्हीसी 112 किलो. आणि दोन्ही बाजूंचं फायबर मिळून होतं दीडशे किलोच्या वर, वर कडा, प्लाय, जॉइंटची पुटी वेगळी. म्हणजे वजन वाचवायचं असेल तर ते रेझिन मोजून वापरण्यात आहे, आणि पीव्हीसी घेऊन तुमचं वजन वाढणारच आहे. बोटीत पीव्हीसी का घालतात? तिथे पाण्याचे तडाखे बसतात, तळ सतत आपटतो, तिथे ती शिअरची ताकद आणि चिवटपणा खरोखर कामाला येतो. तुमच्या भिंतींवर तसं काही होत नाही, म्हणून बोटवाल्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. तो चुकीचा नाहीये, वेगळ्या कामाचा आहे.

मग फोमची ताकद कुठेच लागत नाही का? लागते, तीन ठिकाणी. एक, टाचेखाली. 80 किलोचा माणूस एका टाचेवर आला तर साधारण 30 चौरस सेंमीवर वजन येतं, म्हणजे पावणेतीन किलो प्रति चौरस सेंमी. 20 डेन्सिटीचा थर्माकोल एका किलोच्या आसपासच चपटा व्हायला लागतो, 300 किलोपास्कलचा एक्सपीएस तीन किलोला, 80 चा पीव्हीसी चौदा किलोला. स्किन हा भार थोडा पसरवते म्हणून एक्सपीएस वाचतो, पण हे आकडे फोम दहा टक्के चेपला जाईल तेव्हाचे असतात आणि ते एकदाच दिलेल्या भाराचे असतात, रोज त्याच जागेवर उडी मारून उतरत असाल तर तिथला फोम हळूहळू मऊ पडतो. दोन, व्हॅक्यूम बॅग, म्हणजे पॅनल पिशवीत बंद करून हवा ओढून दाब देणं. पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे प्रत्येक चौरस सेंमीवर एक किलो, चौरस मीटरला दहा टन! हलका थर्माकोल पूर्ण व्हॅक्यूममध्ये ठेवलात तर 40 चा 36 होऊन बाहेर येईल, तोही सगळीकडे सारखा नाही. तीन, जिथे बोल्ट, बिजागरी, खिडकी, सोलरचे ब्रॅकेट येतात तिथे, आणि तिथे तर कुठलाच हलका फोम पुरत नाही, त्याबद्दल खाली सांगतो.

आता ज्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते, म्हणजे उष्णता. तुमचा गडद राखाडी रंग. कडक उन्हात गडद पृष्ठभाग 75-80 अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो, पांढरा त्याच उन्हात वीस-पंचवीस अंश तरी थंड राहतो. थर्माकोल काय आणि एक्सपीएस काय, दोन्ही पॉलिस्टायरीन, आणि दोघांची वापराची मर्यादा साधारण 75 अंशांची. घरच्या तापमानाला सेट केलेलं बरंचसं इपॉक्सी तर 50-60 अंशांच्या पुढेच नरम पडायला लागतं. म्हणजे गडद रंगात तुम्ही फोम आणि रेझिन दोन्ही त्यांच्या काठावर नेऊन ठेवताय, आणि अशा वेळी स्किनला ओढणारी ताकदही जास्तीत जास्त असते. बाहेरची स्किन आतल्यापेक्षा 40 अंश गरम झाली तर साडेतीन मीटरचं मोकळं पॅनल मध्ये जवळजवळ साडेतीन सेंमी फुगून धनुष्यासारखं वाकायला बघतं. बॉक्समध्ये ते वाकू शकत नाही, मग तो सगळा जोर जातो कडेच्या जॉइंटवर आणि स्किन-फोमच्या चिकटीवर. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी उलटं. अॅल्युमिनियमची स्किन घेतली तरी सुटका नाही, त्याचं प्रसरण फायबरच्या जवळपासच आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं फोमबद्दल नाहीच: बॉक्स पांढरा किंवा फिकट ठेवा. निदान छत तरी. भिंतीवर खालच्या भागात गडद पट्टा हवा तर घ्या. गडदच पाहिजे असा हट्ट असेल तर मग पॉलिस्टायरीन सोडा आणि पीईटीकडे (बाटल्यांच्या प्लास्टिकच्या फोमकडे) या, कारण पीईटी फोम उष्णतेला पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसीपेक्षा बराच जास्त टिकतो. आणि पीव्हीसी घेतला म्हणजे गडद रंग चालेल असंही समजू नका. क्रॉसलिंक्ड (ताठ प्रकारचा) पीव्हीसीसुद्धा 70-80 अंशांना नरम पडतो, काही पीव्हीसी फोम गडद स्किनखाली तापून आतून गॅस सोडतात आणि स्किनवर फोड येतात. लिनियर (लवचिक प्रकारचा) पीव्हीसी तर त्याच्याही आधी मऊ होतो. म्हणजे ज्याने तुम्हाला पीव्हीसी हा एकमेव उपाय सांगितला त्याने तुमचा रंग विचारायला हवा होता.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. पॅनल दोन प्रकारे होतात. एक म्हणजे फोमवर थेट ओलं कापड आणि रेझिन घालायचं. दुसरं म्हणजे तयार फायबर शीट (किंवा आतून पातळ प्लाय) आणून ती ग्लूने फोमवर चिकटवायची. ओलं काम करणार असाल तर रेझिन कुठलं ते आधी ठरवा, कारण पॉलिएस्टर आणि व्हिनाइलएस्टर दोन्हीत स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल-एक्सपीएस अक्षरशः विरघळवतं, ब्रश फिरवताना खड्डा पडतो. वरून एक थर इपॉक्सीचा मारून मग पॉलिएस्टर घालायचा जुगाड लोक सुचवतात. त्या थरात टाचणीएवढं भोक राहिलं तरी खाली पोकळी होते आणि ती तुम्हाला दिसतही नाही, मी हे कोणाला सुचवणार नाही. पॉलिस्टायरीन असेल तर इपॉक्सीच. आणि इपॉक्सीही जाड साचू द्यायचं नाही, डबकं झालं की ते स्वतःच तापून फोम वितळवतं. पॉलिएस्टरच वापरायचं असेल, कारण ते स्वस्त पडतं आणि हाताला सवयीचं असतं, तर फोम पीयू (पॉलियुरेथेन), पीव्हीसी किंवा पीईटी. रेझिन इन्फ्यूजन (व्हॅक्यूमने रेझिन कोरड्या कापडात ओढून घेणं) करणार असाल तर खाचा किंवा भोकं पाडलेला पीव्हीसी किंवा पीईटी घ्या, थर्माकोलमध्ये रेझिन दाण्यांच्या फटींतून आत पसरत जातं आणि पॅनल जड होतं.

तयार शीट चिकटवायची असेल तर एक्सपीएस मस्त चालतो, तयार कॅम्पर बनवणारे अनेक कारखाने हेच करतात. पण ते प्रेस वापरतात किंवा व्हॅक्यूम टेबल, आणि त्यांची शीट रंधा मारलेली, एकसारख्या जाडीची असते. तुम्हाला जी एक्सपीएस मिळतेय ती बहुतेक बांधकामाच्या इन्सुलेशनची असणार. तिच्यावर कारखान्यातून आलेला गुळगुळीत पापुद्रा असतो, जाडीत एखाद-दोन मिमीचा फरक असतो. हा पापुद्रा काढल्याशिवाय काहीही चिकटवू नका. चिकटल्यासारखं दिसतं, दोन-चार महिने राहतं, मग एका कडेपासून सुटायला लागतं. 40 किंवा 60 नंबरचा सँडपेपर लांब सपाट फळीला लावून सगळा पृष्ठभाग घासायचा, चमक कुठेच राहता कामा नये, मग भुगा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायचा. ओल्या कपड्याने किंवा थिनरने अजिबात पुसू नका, थिनर फोम खातो. अगदी ताजी शीटही लगेच वापरू नका. बनवताना आत भरलेला गॅस हळूहळू बाहेर येत असतो आणि माप थोडं हलतं, काही आठवडे सावलीत सपाट रचून ठेवली की ती स्थिरावते.

ग्लूबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच घरगुती पॅनल बिघडतात. एक पार्टचं पीयू ग्लू हवेतल्या ओलाव्यावर सेट होतं. दोन बंद स्किन आणि बंद सेलचा फोम यांच्या मध्ये ओलावा पोचणार कुठून? म्हणून ग्लू पसरल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा लागतो, थेंब दिसतील एवढा नाही, नुसता धुक्यासारखा. तो मारला नाही तर पॅनलच्या मधला भाग आठवडाभर चिकट राहतो आणि तुम्ही उचलायला जाता तेव्हा स्किन सरकते. दोन पार्टचं पीयू किंवा इपॉक्सी घेतलं तर ही भानगड नाही, पण मोठ्या पॅनलवर पसरायला वेळ पुरतो का ते आधी बघा. गरम दिवशी डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यात ते घट्ट होऊ शकतं. दातेरी पट्टीने पसरा म्हणजे हवा निघायला वाट राहते. दाब द्यायला व्हॅक्यूम बॅग सगळ्यात उत्तम, आणि 0.3 ते 0.5 बार एवढाच पुरे. दाब सगळीकडे सारखा पडणं महत्त्वाचं. विटा आणि पाण्याचे ड्रम ठेवून केलेल्या पॅनलमध्ये दोन वजनांच्या मधे पोकळ पट्टे राहतात, ते नंतर ठोकून बघितल्यावर कळतं. सॉल्व्हंटवालं कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह पॉलिस्टायरीनवर वापरू नका, आणि उन्हात तापणाऱ्या पॅनलवर तर कुठल्याच फोमला नको, ते गरम झालं की सरकतं.

पीयू फोम कोणीतरी सुचवेलच म्हणून त्याबद्दलही सांगतो. इन्सुलेशन सगळ्यात चांगलं, पॉलिएस्टर चालतं, घासायला आणि आकार द्यायला सोपा. रेफ्रिजरेटेड ट्रकच्या बॉडीत तो सर्रास असतो. पण 35-40 डेन्सिटीचा पीयू ठिसूळ असतो, नखाने ओरखडलं की पिवळी पूड निघते. स्किन चिकटते ती फोमच्या अगदी वरच्या सेलच्या थराला, आणि हादऱ्यांनी नेमका तोच थर चुरा होत जातो. मग स्किन उघडली की तिच्या मागे आणि फोमवर दोन्हीकडे पिवळी पावडर, मध्ये चिकटलेलं काहीच नाही. चांगल्या रस्त्यावर आणि लहान पॅनलला चालून जातो, पण खडबडीत रस्त्यावर फिरणाऱ्या मोठ्या पॅनलला मी हलक्या डेन्सिटीचा पीयू घालत नाही. 60 च्या वरचा मिळाला तर विचार करता येतो. कोपरे भरायला, गोलाई कोरायला मात्र उत्तम.

साधा थर्माकोल लगेच मोडीत काढू नका. 30 डेन्सिटीचा, कापलेल्या ब्लॉकचा असेल तर इपॉक्सी त्याच्या दाण्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर घासलेल्या एक्सपीएसइतकीच, कधी त्याहून चांगली पकडते. भिंतींना तो चालतो. अडचण पाण्याची आहे. कुठेतरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं तर ते दाण्यांच्या फटींतून लांबपर्यंत झिरपतं, एक्सपीएसमध्ये ते बऱ्यापैकी जागच्या जागी राहतं. 15 डेन्सिटीचा पॅकिंगचा थर्माकोल मात्र नकोच.

पीईटी फोम जुन्या बाटल्यांपासूनही बनतो, रेझिन कुठलंही चालतं, उष्णता सहन करतो. पण साधारण 60 ते 100 डेन्सिटीपासून पुढे मिळतो म्हणजे वजन आलं, आणि त्याच्या उघड्या सेल रेझिन बरंच पितात. आधी मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) घातलेल्या रेझिनचा पातळ हात पट्टीने ओढून सेल भरून घ्यायचे आणि तो चिकट असतानाच कापड घालायचं, नाहीतर रेझिन फोममध्ये आणि कापड कोरडं. पीव्हीसीलाही हेच करायचं, फक्त तो कमी पितो. प्लास्टिकच्या हनीकोंबची शीट चिवट असते, फ्लोअरला वाईट नाही, पण इन्सुलेशन फोमच्या मानाने बरंच कमी आणि पातळ स्किनमधून त्याची जाळी बाहेर उमटते.

इथवरचं एकत्र सांगायचं तर रंग फिकट आणि रेझिन इपॉक्सी (किंवा तयार शीट आणि पीयू ग्लू) असेल तर भिंतींना एक्सपीएस पूर्णपणे योग्य आहे, पॉलिएस्टर किंवा गडद रंग यातलं काहीही आलं की तो बाद. जाडी 40 च्या खाली आणू नका.

आता कडा आणि बोल्टच्या जागा. पॅनल कुठल्याही फोमचं असो, पाणी आत जातं ते इथूनच आणि तुटतं तेही इथूनच. फोममध्ये स्क्रू धरत नाही, आणि आरपार बोल्ट घट्ट केला की स्किन आत दबते, मग बोल्ट सैल होतो, मग पाणी. म्हणून खिडकीभोवती, दाराच्या बिजागरीला, सोलरच्या ब्रॅकेटखाली, चासीच्या माउंटवर फोम कापून तिथे आधीच चांगला मरीन प्लाय, जाड डेन्सिटीचा पीयू बोर्ड (500-600 डेन्सिटीचा येतो) किंवा फायबरचे तुकडे बसवा. हे पॅनल बंद करायच्या आधी ठरवावं लागतं, म्हणून कागदावर सगळ्या फिटिंगच्या जागा काढल्याशिवाय पहिली शीट कापू नका. एखादी जागा राहिलीच तर मोठं भोक पाडा, वाकवलेल्या खिळ्याने दोन स्किनच्या मधला फोम आजूबाजूने पोखरून काढा, जाड केलेलं इपॉक्सी भरा, सेट झाल्यावर त्यात नेमक्या मापाचं भोक पाडा. लहान फिटिंगला हे पुरतं आणि कडा पाण्यापासून बंद होते.

बरेच जण भीतीपोटी प्रत्येक चाळीस सेंमीवर लाकडी बॅटन (पट्ट्या) घालतात. मी घालत नाही. बॅटन आणि फोम यांचा ताठपणा इतका वेगळा असतो की जिथे एक संपून दुसरा सुरू होतो तिथेच स्किनवर ताण गोळा होतो, बाहेरून पट्टे दिसतात, आणि एका बॅटनपाशी पाणी शिरलं की ते लाकूड धरून पूर्ण लांबी कुजवत जातं. सँडविच पॅनलला आतून सांगाडा लागत नाही, लागला तर डिझाइन चुकलंय. धातूची चौकट तर आणखी त्रासदायक, फोमच्या तुलनेत अॅल्युमिनियम उष्णता हजारो पटींनी जास्त वाहून नेतं, त्यामुळे थंडीत आतल्या बाजूला नेमक्या त्या रेषांवर पाणी जमतं. फोमच्या शीटचे आपापसातले सांधे मात्र ग्लूने भरा, नुसते टेकवून ठेवू नका, आणि स्किनचा सांधा फोमच्या सांध्यावर येऊ देऊ नका.

इन्सुलेशनपुरतं बोलायचं तर पीयू पुढे आहे, बाकी थर्माकोल, एक्सपीएस, पीव्हीसी यांच्यात फरक इतका कमी की 5-10 मिमी जाडीत भरून निघतो. त्यावरून निवड करू नका. आगीचं मात्र लक्षात ठेवा, पॉलिस्टायरीन पेटलं की वितळून थेंब पडतात आणि काळा धूर होतो, पीव्हीसी सहज पेट घेत नाही पण जळताना त्याचा धूर घातक असतो. आत स्टोव्ह असणार, तर त्याच्यामागे आणि वर धातूचा पत्रा थोडं अंतर सोडून लावा आणि फोमची कुठलीही कापलेली कडा आत उघडी ठेवू नका. गॅस-धूर यांचे अलार्म लावाच.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नका, तुमच्याच फोमवर, तुमच्याच रेझिनने तुकडे करून बघा. 30 बाय 30 सेंमीचे तीन-चार तुकडे, प्रत्येकावर वेगळी तयारी: एक पापुद्र्यासकट, एक घासलेला, एक घासून वर खाचा मारलेला. आठवडाभर सेट होऊ द्या. मग एका कडेला छिन्नी घालून स्किन ओढून काढा. स्किनच्या मागे सगळीकडे फोमचा थर फाटून चिकटून आला तर पकड फोमपेक्षा मजबूत झालीय, याहून जास्त काही मिळवता येत नाही. स्किन स्वच्छ निघाली तर फोम कितीही महाग असो, ते पॅनल सुटणार. हीच चाचणी एक तुकडा काळा रंगवून पंधरा दिवस उन्हात ठेवल्यावर परत करा आणि तो गरम असतानाच ओढून बघा, गार तुकडा खोटं समाधान देतो. आणि एक मीटर लांब, दहा सेंमी रुंद पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये टाच देऊन उभे राहा, टाचेखाली किती दबतं ते तुम्हालाच कळेल.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. भिंतींना 40 मिमी एक्सपीएस, 300 किलोपास्कलचा, घासलेला, इपॉक्सी आणि स्टिच केलेलं कापड, हलका व्हॅक्यूम. छताला 50 मिमी, तोच एक्सपीएस, आणि चढण्याच्या-चालण्याच्या पट्ट्यात 80 डेन्सिटीचा पीव्हीसी किंवा 100 चा पीईटी, वरच्या स्किनला तिथे कापडाचा एक थर जास्त, आणि पीव्हीसीची सीमा सरळ रेषेत तोडण्याऐवजी तिरकस कापून एक्सपीएसवर चढवलेली. फ्लोअरला वरून 6 मिमी प्लाय, कारण तिथे टोकदार वजनं पडणारच. बाहेरून पांढरा. इपॉक्सी सेट झाल्यावर पॅनल काळ्या ताडपत्रीखाली उन्हात ठेवून 50-55 अंशांवर दिवसभर तापवून घ्या, थर्मामीटर लावून, 60 च्या वर जाऊ देऊ नका. याने इपॉक्सीची उष्णता सहन करण्याची मर्यादा थोडी वर जाते. हे करताना पॅनल सपाट टेबलावरच हवं, भिंतीला टेकवून ठेवलं तर वाकडंच सेट होईल.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी कळल्या तर अजून नेमकं सांगता येईल: एक्सपीएस शीटवर छापलेला ग्रेड, इपॉक्सीच्या डेटाशीटवर ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या आसपास ते नरम पडायला लागतं) किती दिलंय, आणि चासी किती पिळते, म्हणजे बॉक्स थेट बोल्टने बसवणार की तीन पॉइंटच्या माउंटवर. थेट बसवणार असाल तर फ्लोअर आणि भिंतीच्या जॉइंटचं डिझाइन फोमच्या आधी बोलावं लागेल.